गव्हाच्या अभावी



आजचं वाचन: सत्यनारायण कथा, अध्याय पहिला.

नारदमुनी लोकांची दुःखं पाहून विष्णूंकडे जातात आणि भगवान त्यांना हे व्रत सांगतात. नैवेद्याचं साहित्यही सांगतात: केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ, सगळं सव्वा मापाने. इथपर्यंत आपण ऐकतो आणि मग लक्ष जातं शिऱ्याच्या वासाकडे. पण लगेच पुढे एक छोटासा शब्द येतो: ‘अभावे’. गहू नसेल तर तांदळाचं पीठ घ्या, साखर नसेल तर गूळ.

आज या एका शब्दापाशी थांबूया. कारण आपल्यातल्या काहींच्या ताटात गव्हाचा अभाव कायमचा असतो.

सिलिअ‍ॅक हा आजार तुम्ही ऐकला असेल. गव्हात, जवात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे झिजतात. मग पोटदुखी, जुलाब, अ‍ॅनिमिया, सततचा थकवा. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी गव्हाशी असलेला त्याचा संबंध दाखवून दिला आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. उपचार आजही तोच आहे: ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण बंद.

पोळी सोडून भाकरी खाणं एकवेळ जमतं. खरी परीक्षा पूजेच्या दिवशी होते. काकू प्रेमाने द्रोण पुढे करतात, "अगं, देवाचा प्रसाद आहे. कणभर घे, काही होत नाही."

होतं, काकू. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. चमचाभर शिऱ्यात ते प्रमाण कितीतरी पटींनी जास्त असतं. आतड्याला प्रसादाचा रवा आणि हॉटेलचा रवा वेगळा कळत नाही.

पण मनात भीती असते. कलावतीने प्रसाद टाकला आणि नवऱ्याची नाव बुडाली, हे आपण लहानपणापासून ऐकलंय. "मी नाही म्हटलं तर देव रागावेल का?" ही भीती हसण्यावारी नेऊ नका. कथा नीट वाचा. पाचव्या अध्यायातल्या तुंगध्वज राजाने गवळ्यांनी दिलेला प्रसाद गर्वाने नाकारला. कलावती घाईघाईत प्रसाद विसरून धावली. एकाचा दोष अहंकाराचा, दुसरीचा दुर्लक्षाचा. हात जोडून "मला हे पचत नाही" म्हणणाऱ्याला कथेत कुठेही शिक्षा नाही. उलट, ज्याच्याकडे गहू नाही त्याची सोय भगवंतांनी पहिल्याच अध्यायात करून ठेवली आहे.

गीतेतही पाहा. पंधराव्या अध्यायात (१५.१४) भगवान म्हणतात की प्राण्यांच्या देहात अन्न पचवणारा अग्नी मीच आहे. आणि सतराव्या अध्यायात (१७.६) स्पष्ट बजावतात की जे दंभाने शरीराला पीडा देतात, ते आत राहणाऱ्या मलाही पीडा देतात. मग ज्या अन्नाने आतडं जखमी होतं, ते त्याच्या नावाने गिळणं ही भक्ती कशी होईल?

तेव्हा पथ्य असणाऱ्यांनो, द्रोण कपाळाला लावा, नमस्कार करा आणि शेजारच्याला द्या. तीर्थ घ्या, केळं मागून घ्या. प्रसाद मिळाला. अपराधी वाटून घेऊ नका.

आणि ज्यांच्या घरी पूजा आहे त्यांनो, वाटीभर तांदळाच्या पिठाचा शिरा वेगळ्या कढईत, वेगळ्या चमच्याने करा. पीठ गिरणीत गव्हाच्या मागून दळलेलं नको. वरणातल्या हिंगाची डबीही वाचून पाहा, पुष्कळशा हिंगात मैदा मिसळलेला असतो. पाहुण्याने नैवेद्याच्या दिवशी स्वतःचा डबा उघडून कोपऱ्यात बसावं, यापेक्षा एवढे कष्ट नक्कीच कमी आहेत.

एक सावधगिरी. नुसता संशय आला म्हणून गहू सोडू नका. आधी डॉक्टरांकडे जा, कारण गहू बंद केल्यावर तपासणीत आजार लपू शकतो. आणि निदान झाल्यावर "देव बघून घेईल" म्हणून पथ्य मोडू नका. देवानेच पथ्याची वाट दाखवली आहे, असं समजा.

आजचा संकल्प: या आठवड्यात जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, "तुला काय चालत नाही?"

हे नारायणा, ज्यांच्या ताटात काही पदार्थ कायमचे वर्ज्य आहेत, त्यांच्या मनातला एकटेपणा दूर कर. आणि आमच्या हातून त्यांच्यासाठी वेगळी वाटी विसरू देऊ नकोस.

॥ राम कृष्ण हरी ॥