देवाची राई

चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या जंगलांचे १६ गट मांडले. कोकणातली आमची देवराई त्यातल्या निमसदाहरित गटात बसते. आजी नुसतं ‘देवाची राई’ म्हणायची. ‘काडी मोडलीस तर देव बघून घेईल!’ त्या धाकाने सातवीण, किंजळ, सुरंगी, गारंबीचा वेल, सगळं टिकलं. शेजारच्या डोंगरावर ओळीने लावलेला अकेशिया आहे. त्याच्या पाचोळ्यात दुसरं फारसं रुजत नाही.

आता गावसभेत म्हणतात, राईतून रस्ता काढू, बदल्यात तेवढीच झाडं लावू. शिकलेली पोरं विचारतात, भीतीपोटी राखलं त्यात कसलं पुण्य? मी म्हणतो, पुण्य राहू द्या बाजूला. जे आपण लावलंच नाही, ते तोडायचा हक्क आपल्याला दिला कोणी? देव मानत नसाल, तरी याचं उत्तर द्यावं लागेलच.