परड्यातलं निळं पिंप

पहाटे उठलो की परड्याचं दार उघडायच्या आधी मी कान देतो. हौदात पाणी पडल्याचा आवाज आला की जीव भांड्यात पडतो. आला नाही तर रात्रीत लाइट गेली असं समजायचं आणि चहा बाजूला ठेवून हौद गाठायचा.

हौद 5,000 लिटरचा, त्यात 5 कोई मासे. जपानमधल्या निगाताच्या डोंगराळ भागात भातशेती करणाऱ्यांनी खाण्यासाठी पाळलेल्या साध्या कार्पमधून सुमारे 200 वर्षांपूर्वी निवडून निवडून हे तांबडे-पांढरे रंग पुढे आणले. मासा देखणा, पण खादाड. फूटभराच्या वर वाढतो आणि खाल्लेलं सगळं त्याच पाण्यात सोडतो.

पहिल्या वर्षी मी फक्त पाणी नितळ दिसण्याच्या मागे होतो. स्पंजाचा फिल्टर आणला, हिरवेपणा घालवायला यूव्ही दिवा बसवला. तळाची फरशी दिसू लागली, तरी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. माशांच्या कल्ल्यांतून सुटणाऱ्या अमोनियाला रंग नसतो, हे मला तेव्हा कळलं.

अमोनिया संपवतात ते जिवाणू. एका जातीचे त्याचं नायट्राइट करतात. तेही माशांना विषच, रक्तातला प्राणवायू अडवणारं. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात आणि ते झाडांची मुळं ओढून घेतात. या जिवाणूंना बसायला खरखरीत जागा हवी आणि सतत प्राणवायू हवा. जागा घरातच निघाली: आजोबांच्या घराची उतरवलेली मातीची कौलं. फोडून, धुऊन, कांद्याच्या जाळीच्या पोत्यांत भरली. मोटर तळाचं पाणी पहिल्या पिंपात टाकते. तिथं ते गोल फिरतं, गाळ खाली बसतो, तळाच्या नळानं तो सोडून द्यायचा. मग काथ्याची जाळी, मग निळ्या पिंपातली कौलं, शेवटी कर्दळीचा वाफा. क्रम बदलायचा नाही. गाळ आधी अडला नाही तर कौलांवर चिखल बसतो आणि जिवाणू गुदमरतात. मोटर एवढी घेतली की 2 तासांत सगळा हौद एकदा फिरून येतो.

एवढं मांडून झालं तरी फिल्टर तयार झालेला नसतो. जिवाणू वस्तीला यायला 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर खाणं चिमूटभर आणि रोज पाण्याची तपासणी. पैसे टाकून हे आठवडे पूर्ण टळत नाहीत, आणि मला वाटतं कोई पाळणाऱ्याची खरी परीक्षा इथंच असते.

मी एकदा ते सगळं घालवलंही. कौलं काळपट दिसली म्हणून एका रविवारी नळाखाली धरून लख्ख घासली. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिननं वस्ती मेली. तिसऱ्या दिवशी मासे पर मिटून तळाला पडलेले. पंधरा दिवस, पिंपात साठवून क्लोरिन घालवणारं औषध घातलेलं पाणी रोज थोडं थोडं बदलत त्यांना वाचवलं. तो काळपट, बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर होता, आणि मी त्याला घाण समजलो होतो.

त्यानंतर रंकाळा तळ्यावर फिरताना नजर बदलली. तळ्याचाही असाच संसार असतो: तळाची माती, काठाची झुडपं, त्यांच्यावर वसलेले जिवाणू. त्यांना पेलेल त्याहून जास्त सांडपाणी येत राहिलं की पाण्यातला प्राणवायू संपतो, मग हिरवा तवंग, मग जलपर्णी. जलपर्णी उपसलीच पाहिजे, तशीच सोडली तर कुजून सगळं परत पाण्यात जातं. पण नाल्यातून येणारं सांडपाणी चालूच राहिलं तर ती उपसणी माझ्या यूव्ही दिव्यासारखी. संध्यामठाच्या बाजूला उभा राहिलो की हे फार आत लागतं, कारण हे तळं आम्ही लहानपणापासून आपलं म्हणत आलोय.

काल रात्री पुन्हा लाइट गेली होती. बॅटरीवरचा हवेचा पंप चालू केला आणि नळी हौदात सोडायच्या आधी पिंपात कौलांखाली सोडली, दुसरी माशांसाठी. पहाटे चारला मोटर सुरू झाली. गणपती झाले की अर्धी पोती हौदाच्याच पाण्यात, बादलीत हलकी खळबळून घ्यायची आहेत. उरलेली अर्धी दिवाळीनंतर.