फॉर्म सेलशेजारी उघडायचा तर

चि. सायलीस,


तारीख निवडायचा फॉर्म सेलला चिकटूनच उघडावा, हा तुझा हट्ट रास्त आहे. दिवसभर रजेच्या तारखा भरणाऱ्याला दर वेळी माउस स्क्रीनच्या मधोमध का न्यायला लावायचा? पण तू सेलच्या ‘लेफ्ट’-‘टॉप’चा जो आकडा धरून बसली आहेस, तो या कामाचा नाही.

एक्सेल सेलचा ‘लेफ्ट’ आणि ‘टॉप’ मोजतं ते शीटच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यापासून, तेही पॉइंटमध्ये. वही टेबलावर कुठंही सरकव, ओळीचं समासापासूनचं अंतर तेच राहतं, तसंच हे. स्क्रोल कर, झूम ८०वर आण, ‘बी५००’चा टॉप जागचा हलत नाही. मग फॉर्म स्क्रीनबाहेर उघडतो आणि आपण मॅक्रोला शिव्या घालतो.

स्क्रीनवरची जागा ‘ॲक्टिव्हविंडो.ॲक्टिव्हपेन’ला विचार. त्याच्या ‘पॉइंट्सटूस्क्रीनपिक्सल्सएक्स’ला लेफ्ट द्यायचा, ‘वाय’ला टॉप. याच नावाची फंक्शन्स विंडोकडेही आहेत, पण तिथं झूमचा हिशेब आपल्या गळ्यात पडतो. मी पेनच वापरते. फ्रीझ पेन्स लावले असतील तर सेल ज्या पेनमध्ये दिसतोय, त्यालाच विचारायचं.

उत्तर येतं पिक्सेलमध्ये आणि युजरफॉर्म मागतो पॉइंट. इंचाला ७२ पॉइंट. विंडोजचं स्केलिंग १०० टक्के असेल तर ९६ पिक्सेल. म्हणून ७२नं गुणून ९६नं भागायचं. पण स्केलिंग १२५ टक्के झालं की ९६चे १२० होतात. कोडमध्ये ०.७५ ठोकून दिलंस तर तुझ्या मशीनवर सगळं झकास आणि साहेबांच्या लॅपटॉपवर फॉर्म भलतीकडेच! इंचाला किती पिक्सेल, हा आकडा विंडोजच्या ‘गेटडिव्हाइसकॅप्स’कडून घे. ‘स्टार्टअपपोझिशन’ शून्य कर, नाहीतर गणित बरोबर येऊनही फॉर्म मध्यभागीच बसेल.

ताळा करायचा तर आलेल्या पिक्सेलमध्ये दोन-चार मिळवून ते ‘रेंजफ्रॉमपॉइंट’ला दे. तोच सेल परत आला की समज, जमलं.

आणि नुसतं बटण किंवा चौकोन शीटवरच ठेवायचा असेल, तर यातलं काहीच नको. शेपही शीटवरूनच मोजतात. लेफ्ट आणि टॉप जसेच्या तसे दे.

फाइल सगळ्यांना पाठवण्याआधी एकदा साहेबांच्या लॅपटॉपवर चालवून बघ.

तुझी,
मावशी