पट्टी गायकाची, वेग तबकडीचा

हल्ली कुठलंही गाणं मोबाइलवरच्या एखाद्या यंत्राला ऐकवलं की ते लगेच निकाल देतं: अमुक मेजर, मिनिटाला इतके ठोके. बालगंधर्वांनी गायलेलं ‘स्वयंवर’मधलं यमनचं पद ऐकवलं तरी ते अडखळत नाही, आकडा देऊन मोकळं होतं. तो आकडा खोटा असतोच असं नाही. पण तो नक्की कशाचा आहे? नाटकाचा, गायकाचा, की लाखेच्या तबकडीचा?

ऑपेरेटाच्या बाबतीत हा घोळ नाही. एप्रिल 1880 मध्ये लंडनला सलिव्हनचं ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ रंगमंचावर आलं, तेव्हा प्रत्येक गाण्याचा स्वर कागदावर ठरलेला होता. वाद्यवृंदात वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकापुढे लिहिलेलं संगीत. गायिकेला अर्धा स्वर खाली हवा असेल, तर तेवढे सगळे कागद नव्यानं लिहायचे. त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात, अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक झाले. आपल्या संगीत नाटकाचं छापील पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर चाल असते, राग असतो, ताल असतो. पट्टी कुठेच नसते. ती लिहिण्याची गरजच कोणाला वाटली नाही, कारण पट्टी नाटककाराची नव्हे, नटाची. तो आपला षड्ज घेऊन येणार, ऑर्गनवाला बोटं सरकवणार. तबलजीनं शेजारी दोन-तीन तबले वेगवेगळ्या स्वरांत लावून ठेवलेले असतातच; नायक संपून नायिका गायला लागली की हाताखालचा तबला बदलायचा, डग्गा तोच. आपल्याकडचं सगळं स्वरांतर एवढ्यात उरकतं.

यातही एक गंमत आहे. साधारणपणे पुरुष काळी एक-दोनमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. त्याचा पंचम तो तिचा षड्ज. म्हणजे दोघांनी एकाच पदात गायचं तर कोणीतरी पड खायची. पण गंधर्व नाटक मंडळीच्या भरात हा प्रश्न फारसा उठलाच नाही, कारण नायिकाही पुरुषच होता. भामिनी, रुक्मिणी, सिंधू, तिघीही पुरुषाच्या गळ्यातून गायल्या. 1921 च्या जुलैत ‘संयुक्त मानापमान’ झालं तेव्हा धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. दोन गळे, दोन गायक्या, पण दोन्ही पुरुषांच्याच. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या तेव्हा कुठे स्त्रीची भूमिका स्त्रीच्या पट्टीत गायली जाऊ लागली. नाट्यसंगीताच्या इतिहासात या बदलाला आपण फार कमी जागा देतो. स्त्रिया रंगभूमीवर आल्याचं कौतुक होतं. त्यांच्यामुळे पदांचा स्वर बराच वर सरकला, हे कोणी बोलत नाही.

आता तबकडी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. लेबलवर 78 फेऱ्या, पण सुरुवातीच्या काळात हा वेग म्हणजे पंचांगातला मुहूर्त नव्हता. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त वेगानं व्हायचं. घरचा ग्रामोफोन चावीचा. वेग कमी-जास्त करायला बाजूला एक स्क्रू, आणि चावी उतरू लागली की गायकही उतरायचा. काही घरांत तबकडीवर ठेवायची रेघांची कागदी चकती असे. 50 आवर्तनांच्या विजेवर पेटलेल्या दिव्याखाली 77 रेघा जागच्या जागी थबकल्यासारख्या दिसल्या, की वेग जवळजवळ 78 झाला असं समजायचं. पण वाजवताना 78 साधलं, म्हणून ध्वनिमुद्रणही 78 नंच झालं होतं असं कुठे आहे?

फरक किती पडतो ते पाहू. पद मूळ 73-74 फेऱ्यांनी मुद्रित झालं असेल आणि आपण ते 78 नं लावलं, तर पांढरी एकमध्ये गायलेलं काळी एकमध्ये ऐकू येतं. पूर्ण अर्धा स्वर. लयही तेवढीच चढते. तीन मिनिटं वीस सेकंदांचं पद अकरा सेकंदांनी आखूड होतं. आणि गळा? तो थोडा पातळ होतो, थोडा कोवळा होतो, तान जास्त चपळ वाटते. दुसऱ्या कुठल्या गायकाच्या बाबतीत हे खपून जाईल. पण जिथे पुरुष स्त्रीची भूमिका करतोय, तिथे एवढासा फरक थेट भूमिकेत शिरतो. आजोबांनी थिएटरात ऐकलेली सिंधू आणि नातवानं तबकडीवर ऐकलेली सिंधू यांच्या वयातच अंतर पडू शकतं, आणि दोघंही शपथेवर सांगतील की बालगंधर्व असेच गायचे.

मग खरा वेग शोधायचा कसा? तंबोरा उपयोगाचा नाही, तो गायकासाठीच लावलेला. सारंगीही तशीच. साक्षीदार एकच, ऑर्गन, कारण त्याचे सूर ठरलेले. तबकडीवरचा ऑर्गन दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी वाजत असेल, तर वेगात काहीतरी गडबड आहे. पण या साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. 440 या स्वरमानावर जगानं एकमत केलं ते 1939 मध्ये. त्याआधीचे परदेशी ऑर्गन कोणी चढे, कोणी उतरते. तेव्हा निकाल ‘बहुधा’च्या पुढे जात नाही.

लयीचं प्रकरण पट्टीपेक्षा अवघड, कारण तिथे मोजायला मूळच नाही. थिएटरात एक पद वन्स मोअर घेत पाव-पाव तास चालायचं, अहमदजान थिरकवांसारखा तबलजी साथीला असायचा, लय त्या रात्रीच्या श्रोत्यांवर ठरायची. तबकडीसाठी तेच पद तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे आलाप काढायचे, मुखडा लवकर पकडायचा, ठेका थोडा चढा ठेवायचा. 1925 पूर्वीच्या पद्धतीत तर कर्ण्यात तोंड घालून गायचं. गायकाचं निम्मं लक्ष सुरावर आणि निम्मं जागेवरून न हलण्यावर.

यात सगळं नुकसानच झालं असं मी म्हणणार नाही. तीन मिनिटांच्या सक्तीतून एक दाट, नेमकं गाणं जन्माला आलं. एकही हरकत वाया न घालवणारं. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’साठी केशवराव भोळ्यांनी चाली बांधल्या, त्या आटोपशीर आणि प्रसंगाला धरून. श्रोत्यांचा कान तोवर तबकडीनं तयार केलेला होता. मला तर वाटतं, भावगीताला वाट मोकळी करण्यात कवींइतकाच या लाखेच्या चकतीचा हात आहे.

कुरबुर आहे ती पुढची. आज पुण्यातल्या नाट्यगीत स्पर्धांत मुलं-मुली तबकडीतली हरकत न् हरकत उचलतात, लयही तीच, आणि परीक्षक ‘गंधर्व शैली’ म्हणून गुण देतात. ज्या घाईला केवळ जागेची अडचण कारणीभूत होती, ती परंपरा झाली. एखादी मुलगी आपल्या काळी पाचमध्ये, निवांत लयीत, शब्द उलगडत तेच पद गायली तर ‘मूळ चालीपासून ढळली’ असा शेरा मिळतो. किर्लोस्करांपासून चालत आलेली रीत पाहिली तर तीच मुळाशी जास्त इमानी आहे.

जुन्या तबकड्यांचं संगणकीकरण करणाऱ्यांकडे म्हणून एकच मागणं. पदाचं नाव, नाटक, राग लिहिता, त्याच ओळीत कुठल्या वेगानं वाजवून ही प्रत घेतली तेही लिहा, आणि पट्टीच्या रकान्यात बिनदिक्कत ‘पांढरी एक किंवा काळी एक’ असं दोन्ही टाका.