धाबें उकलणारे चौघे

शास्त्रपाठ : मार्क 2:1-12



कफर्णहूमांतील त्या घराची गोष्ट आपण पुष्कळ वेळां ऐकिली आहे. चौघांनीं एका पक्षघाती मनुष्यास उचलून प्रभूकडे आणिलें. दाराशीं दाटी असल्यामुळें आंत जातां येईना. तेव्हां त्यांनीं छप्पर उकलून त्यास बाजेसह खालीं सोडिलें. ही गोष्ट आपण प्रभूचा अधिकार कळावा म्हणून सांगतों, आणि तें योग्यच आहे. परंतु आज अडलेलें दार व उघडलेलें छप्पर यांमधील जो थोडा वेळ, त्याकडे आईबापांनीं व उपदेशकांनीं लक्ष द्यावें, अशी माझी विनंती आहे.

त्या देशांतील घरें बहुधा सपाट छपराचीं असत. तुळयांवर फांद्या व बोरू पसरून वर माती चोपीत असत, आणि वर जाण्यास बाहेरून पायऱ्या असत. आपल्याकडे मराठवाड्यांत किंवा खानदेशांत ज्यानें धाब्याचें घर पाहिलें आहे, त्यास हें समजाविण्यास वेळ लागत नाहीं. धाबें गळूं लागलें म्हणजे वर माती टाकावी लागते, हें तेथील लेकरांसही ठाऊक असतें. टाकलेली माती उकरली तर वाट होते, हेंही त्यांस सुचूं शकेल. मात्र आपण तें सुचूं दिलें पाहिजे.

आपण काय करितों? गोष्ट धांवत सांगतों आणि शेवटीं, "म्हणून मुलांनो, विश्वास ठेवा," असें म्हणून मोकळे होतों. लेकरूं मान हालवितें व खेळावयास जातें. त्याऐवजीं गोष्ट दाराशीं आली कीं थांबावें, आणि विचारावें, "आतां या चौघांनीं काय करावें?" कोणी म्हणेल, ओरडावें, कोणी म्हणेल, रात्रीपर्यंत थांबावें, कोणी म्हणेल, घरीं परत जावें. कोणाचेंही उत्तर हसण्यावारी नेऊं नये. मग पुढें विचारावें : बाज वर कशी न्यावी? माती खालच्या लोकांच्या डोक्यावर पडेल, त्याचें काय? घरधन्याचें छप्पर मागाहून कोणी नीट करावें? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रांत दिलेलें नाहीं. पण लेकरें तें देतात, आणि तें देतांना न्यायही शिकतात.

हें केवळ करमणुकीसाठीं नव्हे. पाऊस दगा देतो, घरावर कर्ज होतें, आईबाप ऊसतोडीस जातात आणि लेकराची शाळा तुटते. कोणी परीक्षेंत नापास होतो. त्या दिवशीं ज्या मुलास बंद दार एवढेंच दिसतें, तें शाळा सोडून बसतें. कधीं कधीं तर तें जगण्याचीही आशा सोडितें. परंतु ज्यानें गोष्टींत शंभर वेळां दाराशीं उभें राहून दुसरी वाट शोधिली आहे, त्याचे डोळे आपोआप छपराकडे वळतात.

पवित्र शास्त्रांत अशा जागा पुष्कळ आहेत. मोशेची आई लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यास डांबर व राळ लाविते, आणि त्याची बहीण दूर उभी राहून पाहते. राजकन्या पेटारा उघडिते तेव्हां ती मुलगी काय बोलली असेल? हें आपल्या मुलींस विचारा. योसेफ सतरा वर्षांचा असतां विकला गेला, आणि फारोपुढें उभा राहिला तेव्हां तीस वर्षांचा होता. मधलीं तेरा वर्षें आपण एका वाक्यांत उरकूं नयेत. कारण आपलीं लेकरें बहुधा त्या तेरा वर्षांतच जगत असतात.

येथें दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली ही कीं, प्रत्येक छप्पर उघडतें असें लेकरांस सांगूं नये. पौलानें तीन वेळां विनंती केली, तरी त्याचा कांटा निघाला नाहीं. त्याला कृपा मिळाली, आणि तो कांट्यासह चालला. हेंही मुलांस सांगा, नाहींतर पहिल्याच अपयशांत तीं आपणांस व आपल्या गोष्टींस खोटीं मानतील. दुसरी ही कीं, तो पक्षघाती मनुष्य स्वतः धाब्यावर चढला नाहीं. त्यास चौघांनीं वाहून नेलें. कित्येक संकटें एवढीं जड असतात कीं, तीं एकट्या लेकरानें उचलूं नयेत. "तूं धीट हो," एवढेंच म्हणून त्यास एकटें सोडणें ही निष्ठुरता आहे. हाक मारणें हीही एक युक्तीच होय, आणि हाक ऐकून येणारे चौघे मंडळींत असले पाहिजेत.

मार्क लिहितो कीं, प्रभूनें त्यांचा विश्वास पाहिला. त्याच्या डोळ्यांपुढें काय होतें? उकललेलें धाबें आणि वर वांकलेले चौघे. त्यांचा विश्वास त्या कामांत दिसला.

म्हणून या आठवड्यांत, रात्रीचीं जेवणें झाल्यावर, प्रत्येक घरीं एक गोष्ट सांगावी. वाचतां येत नसेल तरी चिंता नाहीं. गोष्ट तोंडानेंच सांगावयाची असते. मध्यें एकदां थांबावें, एक प्रश्न विचारावा आणि मग स्वतः उगें राहावें. लेकराचा विचार चालू असतां त्याच्या वतीनें उत्तर देण्याची घाई करूं नये. तें बोलूं लागलें म्हणजे ऐकावें, आणि त्याच्यासाठीं प्रार्थना करून त्यास निजवावें. प्रभु आपल्या लेकरांस वाट पाहण्याचा धीर आणि वाट काढण्याची बुद्धि देवो. आमेन.