जे परत काढता येत नाही

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातली कितीतरी गावं अर्धी रिकामी होतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथली जोडपी पोरंबाळं घेऊन ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडायची असते. दिवसभर तोडायचं, मोळ्या बांधायच्या, आणि मग मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवायची. मान, मणका, खुबा, गुडघा : हा भार शेवटी हाडांवरच येतो.

हाडाला भार कळतो. जर्मन शल्यचिकित्सक ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये हे नियम म्हणून मांडलं : जिथे भार येतो तिथे हाड दाट होतं, जिथे येत नाही तिथे ते विरळ होत जातं. हाड म्हणजे विटांची भिंत नव्हे. ते रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं.

आता अशा हाडात धातूचा सांधा बसवायचा, तर अडचण काय येते?

अडचण ही की धातू फार ताठ असतो. ताठपणा मोजायचं एकक गिगापास्कल. हाडाचं बाहेरचं घट्ट कवच साधारण १० ते ३०, टायटॅनियमचा मिश्रधातू ११० च्या आसपास, कोबाल्ट-क्रोम २०० च्याही वर. दोघं शेजारी ठेवले की सगळा भार धातूच उचलतो. शेजारचं हाड बिनकामाचं होतं आणि झिजू लागतं. म्हणजे आधार इतका भक्कम की ज्याला आधार दिला तोच खंगला.

यावरचा उपाय साधा वाटतो : धातूला भोकं ठेवा. थ्रीडी प्रिंटिंगमुळे ते जमलं. टायटॅनियमच्या बारीक भुकटीचा केसाहूनही पातळ थर पसरायचा, लेझरने किंवा इलेक्ट्रॉनच्या झोताने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर पुढचा थर. असे शेकडो थर झाले की मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. अशा रीतीने बनवलेली खुब्याची वाटी इटलीत २००७ मध्येच रुग्णाला बसवली गेली. जाळीदार धातू कमी ताठ असतो, म्हणून हाडाच्या वाट्याला त्याचा भार येतो. आणि भोकांमधून हाड आत वाढतं. भोकं साधारण ३०० ते ६०० मायक्रॉनची ठेवतात. फार लहान ठेवली तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत. फार मोठी ठेवली तर पेशींना धरायला पृष्ठभाग कमी पडतो आणि जाळीही कमकुवत होते. एखाद्या बारीक दांडीला तडा गेला, तर रोजच्या हजारो पावलांनी तो वाढत जातो.

इथवर ही एक सुंदर गोष्ट आहे, आणि तिचं तात्पर्य काढायचा मोह होतो : मदत करणाऱ्याने जागा सोडावी, समोरच्याला त्याचा भार उचलू द्यावा. ते खरंही आहे. पण बीडमध्ये उभं राहून हे वाक्य म्हणताना जीभ अडखळते. ‘भाराने माणूस घट्ट होतो’ हे ऊसतोड बाईच्या बाबतीत फार सहज बोललं जातं. ‘त्या बायका काटक असतात हो.’ वोल्फचा नियम हाड भाराला कसं उत्तर देतं ते सांगतो. तो भार न्याय्य आहे की नाही, ते सांगत नाही. झेपेल तेवढ्या भाराने हाड घडतं, न झेपणाऱ्याने मोडतं. किती झेपेल हे मोळी बांधून देणारा ठरवत नसतो.

मला अडवणारा प्रश्न मात्र पुढचा आहे. भोकांमध्ये हाड चांगलं वाढलं, म्हणजे इम्प्लांट यशस्वी झालं. पण तेव्हाच ते काढणं सर्वांत अवघड झालेलं असतं. पुढे काढायची वेळ आली तर भोवतालचं हाड कापावं लागतं. जितकं यश मोठं, तितका परतीचा रस्ता बंद. मग जे सहज परत काढता येणार नाही, ते दुसऱ्याच्या शरीरात ठेवण्याचा हक्क कुठून येतो?

लगेच येणारं उत्तर : संमतीतून. सही घेतली, झालं.

सहीवर किती विसंबायचं, हे बीडने पाहिलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात विशी-तिशीतल्या बायकाही होत्या. संमती असेलही. पण पाळीत खाडा पडला की दंड, फडात संडास नाही, पाणी नाही, पोटात दुखलं तर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ ही भीती. अशा खोलीत दोन दारं दिसतात, पण एक दार भिंतीवर नुसतं रंगवलेलं असतं. आणि गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर इस्ट्रोजेन एकदम घटतं आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. एका परत न फिरणाऱ्या निर्णयाची किंमत दुसऱ्या अवयवाने मोजायची.

दुसरं उदाहरण शहरी, पैसेवाल्या रुग्णांचं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा २०१० मध्ये जगभरातून मागे घेतला गेला. रुग्णांच्या रक्तात कोबाल्ट आणि क्रोमियम उतरत होतं. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे केंद्र सरकारने समिती नेमली, तेव्हा हजारो रुग्णांचा मागच लागेना. वस्तू शरीरात होती; ती कुणाच्या शरीरात आहे, हे ठेवणाऱ्यांना सांगता येत नव्हतं. स्वीडनमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७५ पासून आहे. फरक तंत्रज्ञानाचा कमी आहे, आठवण ठेवण्याचा जास्त.

यावर कुणी म्हणेल, इतका विचार केला तर एकही शस्त्रक्रिया होणार नाही. बरोबर आहे. वेदनेने रात्र जागणाऱ्या माणसाला ‘व्यवस्था सुधारेपर्यंत थांब’ सांगणं हासुद्धा अन्यायच. प्रत्येक शस्त्रक्रिया थोडीफार परत न फिरणारीच असते. म्हणून ‘करू नका’ हे उत्तर नाही. माझं म्हणणं एवढंच की सहीने हक्क पुरा मिळत नाही, तो तिथून फक्त सुरू होतो. जी वस्तू निघणार नाही, ती ठेवणाऱ्याची जबाबदारीही निघता कामा नये.

याचा व्यवहारातला अर्थ हाडच सांगतं. सुरुवातीच्या आठवड्यांत इम्प्लांट आणि हाड यांच्यात साधारण ५० मायक्रॉनपेक्षा कमी हालचाल झाली तर हाड आत वाढतं. ती १५० च्या वर गेली तर भोकांमध्ये हाडाऐवजी मऊ तंतुमय ऊती भरते, आणि सांधा ढिला राहतो. म्हणजे पहिले दोन-तीन महिने जपून चालायचं, भार हळूहळू वाढवायचा, ठरल्या वेळी एक्स-रे काढायचा. आता समजा, खुबा बदललेली बाई वडवणीची आहे आणि उचल आधीच घेतलेली आहे. कारखान्याचा बॉयलर पेटला की मुकादमाचा फोन येणार. हाडाला हवे असलेले आठवडे तिला कोण देणार?

२०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमचा गुडघा करांशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. ते गरजेचंच होतं. पण किंमत धातूची ठरली. विश्रांतीचे आठवडे, बुडालेली मजुरी, फडातून अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयापर्यंतचा तपासणीचा प्रवास, यांची किंमत कुणाच्याच यादीत नाही. जाळीचं डिझाइन करणारा इंजिनिअर भोकाचा व्यास मायक्रॉनमध्ये मोजतो. त्या भोकात हाड वाढेल की नाही, हे मात्र एका कर्जाच्या वहीवरही अवलंबून असतं.

म्हणून जागा सोडणं म्हणजे फक्त धातूत भोकं ठेवणं नव्हे. समोरच्याच्या वर्षातही थोडी जागा सोडावी लागते. तिथे तिला नुसतं बसून राहता येईल, आणि त्याचा खाडा कुणी लावणार नाही.