गोरी चमेली आणि गुळाचा चहा

अहमदनगरच्या किल्ल्याचे नाव निघाले की चांदबीबी आठवते, आणि तिच्यानंतर पंडित नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'. त्याच भिंतीआड, त्याच दिवसांत उर्दूत लिहिले गेलेले 'गुबारे खातिर' मात्र आम्हा मराठी मुसलमानांनाही क्वचितच आठवते. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत पकडून नगरला आणलेल्या नेत्यांत काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद होते. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून त्यांनी पत्रे लिहिली; ती टपालात पडलीच नाहीत. १९४६ साली पुस्तकरूपाने आली. त्यांत खुदाविषयीचे चिंतन आहे, संगीत आहे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या आहेत. आणि चहा आहे, भरपूर चहा.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि लिहायला बसत. चहा चिनी, चमेलीच्या सुवासाचा. इंग्रजी नावाचा ठेठ उर्दू तर्जुमा करून ते त्याला गोरी चमेली म्हणतात. दूध घालणे त्यांना अजिबात मंजूर नव्हते. दूध-साखरेत उकळलेल्या आपल्या चहाला ते पातळ हलव्याच्या पंगतीत बसवतात. साखरेचीही त्यांना बारीक पारख. जवाहरलालजी गोडाचे शौकीन, त्यांना गूळही चाले. साखरे-साखरेतला फरक त्यांच्या जिभेला पटवून देण्याचे प्रयत्न फसले, हे मौलाना मोठ्या गमतीने सांगतात. पुढे १९५० साली याच जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नगर साखरेचा जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला. आज मात्र त्याच साखरेच्या मुलखात रस्तोरस्ती 'गुळाचा चहा' अशा पाट्या दिसतात. नियतीचा विनोद म्हणायचा.

ही पत्रे एकत्र वाचताना आम्हा चार-पाच मंडळींना वाटले, निदान चव तरी घेऊन पाहावी. पुण्याहून सुट्या पत्तीचे निरनिराळे चहा मागवले. गुलाबाच्या पाकळ्यांचा चहा नाकाला अत्तराच्या फायासारखा लागला; जिभेपर्यंत फारसे काही पोचले नाही. बर्गामोट या लिंबूजातीच्या फळाचे तेल लावलेला चहा कोणाला आवडला, कोणाला केसांच्या तेलाची आठवण झाली. केशर, दालचिनी, बदामाचा काश्मिरी कहवा शादीच्या पाहुण्यासारखा, थाटामाटाचा. चमेलीचा चहा सर्वांत अबोल. त्यात फुलांचा अर्क ओतत नाहीत. रात्री उमलणाऱ्या ताज्या कळ्या चहाच्या पानांत मिसळून ठेवतात, सकाळी फुले काढून टाकतात, आणि चांगल्या मालासाठी हे पुन्हा पुन्हा करतात. फूल जाते, वास राहतो. पहिल्या घोटाला आम्हाला ते नुसते गरम पाणीच वाटले. पेला रिकामा झाल्यावर घशात काहीतरी मागे राहिल्याचे कळले. दूध-साखरेवर वाढलेल्या आमच्या जिभेला एवढ्या हळू आवाजाची सवय नव्हती.

पण प्रश्न चवीपाशी थांबला नाही. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली, आणि मौलानांचे घर कलकत्त्यात. अशा काळात चमेलीच्या चहाची चिंता वाहणे जायज आहे काय? आमच्यातल्या एकाने सरळच विचारले, हा इसराफ नव्हे काय?

सूरह आराफमध्ये खा, प्या, पण अतिरेक करू नका असा हुकूम आहे. लगेच पुढच्या आयतीत, अल्लाहने बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा आणि चांगल्या वस्तू हराम ठरवणारा कोण, असा सवालही आहे. धर्माच्या नावाने चवीवर उठणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. १५११ साली मक्केत कॉफीवर बंदी घातली गेली होती. ती टिकली नाही. तेव्हा शौक म्हणजे गुनाह असे आम्ही मानत नाही. सरकारने माणसाचे सर्व काही हिरावून घेतल्यावर पहाटेचा एक पेला आपल्या मनाप्रमाणे करून पिणे, यात खुद्दारी आहे.

त्या खुद्दारीची कसोटीही त्याच किल्ल्यात लागली. पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात मरणपंथाला लागल्या होत्या. सरकारला काही कळवायचे असल्यास कळवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी काहीही मागायचे नाकारले. दिनक्रम ढळू द्यायचा नाही, वर्तमानपत्र नेहमीच्या वेळीच हाती घ्यायचे, असा हट्ट त्यांनी धरला. ९ एप्रिल १९४३ रोजी बेगम गेल्या. ते पत्र वाचताना आमच्यातले कोणीच काही बोलले नाही. चहात दुधाचा थेंब नको म्हणणारा आणि सरकारकडे अर्ज नको म्हणणारा माणूस एकच आहे, एवढे खरे. मात्र त्या मरणाऱ्या बाईचे मन काय म्हणत होते, हे त्या पुस्तकात कोठेच नाही. त्यांना नवरा भेटायला हवा होता की त्याचा बाणा, आम्ही ठरवू शकलो नाही.

मौलानांचे एक मत मात्र आम्हाला पटत नाही. दुधाच्या चहाला हिणवणे. संगमनेरच्या विडी वळणाऱ्या बाईला सकाळी चहाबरोबर पाव मिळाला की तो नाश्ता असतो. दूध आणि साखर ही तिथे चवीची बाब नसून पोटाची आहे. स्वस्त चहाच्या भुकटीला उकळ्या देऊन, आले ठेचून गोरगरिबांनी जे पेय घडवले, त्यातही जौक आहेच. पैगंबर साहेबांनी कधी अन्नाला नाव ठेवले नाही, आवडले तर खाल्ले, नाही तर सोडले, असे हदीसमध्ये येते. त्या मोजमापाने मौलानांची लेखणी थोडी घसरतेच.

तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती आमच्यातल्या एका बाईंनी सांगितली. मौलाना चोखंदळ होते, पण तुरुंगात त्यांनी कोणाची झोप मोडली नाही. स्वतः उठले, स्वतः पाणी तापवले. आमच्या घरांतले पुरुष चटईवर बसून फर्मावतात, "आज चाय में अद्रक कम है", आणि ती चाय करणारी फजरच्या आधीपासून उभी असते. या बोलण्यावर आमच्यातले दोघे हसले, एक उठून बाहेर गेले. त्या रात्री पेले कोणी विसळले, ते आम्ही लिहीत नाही.